सोमवारचं गरम जेवण

गेरा, जर्मनी
९ ऑक्टोबर २०२५

ती. आत्यास,
लुंबिनीचा सविनय जय भीम. वि. वि.

तुझ्या पद्धतीप्रमाणं पत्र हातानं लिहून त्याचा फोटो पाठवतेय. लातूरला फोन लावला की आमच्या घरी लगेच स्पीकर चालू होतो. पप्पा, मम्मी आणि शेजारच्या पार्वतम्मा तिघंही तोंड पुढं करून बसतात. मग मी जेवले, झोपले, थंडी आहे, एवढंच सांगते आणि ठेवते. तुझ्याशी तसं नको.

नर्सिंगचं शिक्षण बरं चाललंय. काही दिवस वर्ग, काही दिवस म्हाताऱ्या माणसांच्या नर्सिंग होममध्ये काम. तिथल्या एर्ना आजी आता माझ्याच हातानं खातात. दुसऱ्या कुणी चमचा पुढं केला की ओठ घट्ट मिटून घेतात. त्यांची मुलगी आईला भेटायला रोज येते. आज किती खाल्लं ते मला विचारते, मान हलवते आणि आईजवळ जाऊन बसते. हसत नाही. इथं कुणी उगीच हसत नाही, हे आता मला माहीत झालंय.

अडचण सोमवारची आहे. सोमवारी माझी सुट्टी. वसतिगृहाच्या स्वयंपाकघरात पाइप फुटल्यामुळं सगळी फरशी उकरून ठेवलीय, ते आता डिसेंबरातच सुरू होईल. खोलीत शेगडी लावली तर छताला बसवलेलं धूर ओळखणारं यंत्र बोंबलायला लागतं. कामाच्या दिवशी नर्सिंग होममध्येच जेवण मिळतं, पण सोमवारी बाहेर जावं तर हॉटेलांना टाळं. शनिवार-रविवार धंदा केला की सोमवारी आराम, अशी इथली रीत आहे. मागच्या सोमवारी बरीच फिरले आणि शेवटी कोरडा पाव खाऊन झोपले. तू तिकडं बसून मोबाइलवर शोध ना काही, तुला बिनकामाच्या गोष्टी चटकन सापडतात.

आणखी एक. संध्याकाळी एकटीनं फिरताना मला भीती वाटते. कुणी काही केलेलं नाही. पण परवा ट्राममध्ये मी बसले आणि शेजारची बाई उठून उभी राहिली. कदाचित तिला उतरायचं असेल. पण ती उतरली नाही.

उत्तर लवकर दे, आणि मला रागावण्याइतकी माया कायम ठेव.

तुझी,
लुंबिनी

---

नांदेड
१२ ऑक्टोबर २०२५

चि. लुंबिनीस,
आत्याचा जय भीम आणि अनेक मंगलकामना.

तुझं पत्र आल्यापासून जिल्हा परिषदेत जेवायच्या सुट्टीत मी डबा उघडा टाकून तुझ्या गेऱ्याची हॉटेलं शोधत बसते. शेजारच्या टेबलावरची स्वप्नाली विचारत होती, मॅडम, जर्मनीला निघालात का. म्हटलं, मी कशाला, आमच्या पोरीची भूक गेलीय तिकडं, तिच्या मागं मी. नांदेडात राहून मला अजून इथली निम्मी हॉटेलं माहीत नाहीत, आणि तुझ्या गावातली आता तोंडपाठ झाली.

भारतीय म्हणवणारं एक सापडलं, ते सोमवारी बंद. चौकातली दोन्ही बंद. स्टेशनच्या बाजूला एका व्हिएतनामी माणसाचं आहे, सूप आणि शेवया मिळतात म्हणे. त्याच्यापुढं सोमवारचं काही लिहिलेलं नाही, म्हणजे उघडं असावं. उद्या तिथं जा आणि गरम काहीतरी पोटात घाल. कोरड्या पावावर माणूस जगतो का? स्टेटसवरच्या फोटोत चेहरा बघ तुझा, गालाची हाडं दिसायला लागलीत.

आणि तेही बंद निघालं तर बोळाबोळानं एकटी भटकू नकोस. माणसं असतील तिकडं जा. माणसांत असलं की भीती राहत नाही, आणि चार माणसं जमली की तिथं खाण्याचं काहीतरी असतंच. आपल्या चौदा एप्रिलच्या मिरवणुकीतून कुणी कधी उपाशी घरी गेलंय का? तू तर मिरवणूक बघायचीच नाहीस, खिरीच्या टेबलावरून पुलावाच्या टेबलाकडं फिरायचीस, आणि तुझे पप्पा तुला शोधत फिरायचे.

ट्रामचं मनावर घेऊ नकोस. काळजी घे, आणि जेवलीस की कळव, म्हणजे इकडं मलाही घास गिळता येईल.

तुझी,
महामाया आत्या

---

लातूर
१८ ऑक्टोबर २०२५

ती. अक्कास,
मारोतीचा जय भीम. वि. वि.

पत्र नांदेडच्या गाडीवर वैजनाथ कंडक्टरजवळ देतोय. मोबाइलवर पाठवलं असतं, पण माझा मोबाइल मनिषा बघते, आणि पोरीच्या आईनं हे बघू नये.

सोमवारी पोरीचा फोन आला नाही. मंगळवारी आला तो कॅमेरा बंद करून. सर्दी झालीय म्हणाली. अक्का, मी डेपोत इंजिनं ऐकत म्हातारा झालो. इंजिनाचा आवाज बदलला की गाडी आत यायच्या आधी मला कळतं, मग स्वतःच्या लेकीचा कळणार नाही का? तो सर्दीचा आवाज नव्हता. ती रडून बोलत होती. पार्वतम्मा मधेच म्हणाल्या, लई थंडी हाय का गं तिकडं, तर हाव म्हणाली आणि फोन ठेवला. त्यानंतर रोज दोन शब्द बोलते. चेहरा दाखवत नाही.

मनिषा भाकरी टाकते आणि स्वतः जेवायचं विसरते. मी मोबाइलवर नको ते बघत बसतो. परदेशात आपल्या माणसाला कुठं तरी मारतानाचा एक व्हिडिओ आला होता. तो कुठला होता, कधीचा होता, मला माहीत नाही. मला त्यात आपली पोरच दिसली.

ती तुला खरं सांगते, मला सांगत नाही. याचं मला वाईट वाटत नाही, निदान तुला तरी सांगते. तिला विचार. जे असेल ते मला कळव, लपवू नको. तुझ्या पाठीवरचा भाऊ आहे एवढं लक्षात असू दे.

तुझा,
मारोती

---

गेरा
२२ ऑक्टोबर २०२५

ती. आत्यास,
सविनय जय भीम. वि. वि.

तू दोनच ओळी पाठवल्यास, खरं ते लिही नाहीतर मी गप बसणार नाही म्हणून. लिहिते.

त्या सोमवारी मी तुझ्या व्हिएतनामी हॉटेलापर्यंत गेले. आत दिवाच नव्हता. पुढं आणखी काही दारं ढकलून पाहिली. सकाळपासून पोटात नुसती कॉफी होती आणि अंधार पडायला लागला होता. तेवढ्यात ढोल ऐकू आला. चौकाच्या बाजूनं माणसं झेंडे घेऊन चालली होती. म्हाताऱ्या बायका होत्या, ढकलगाडीत लेकरं होती, काहींच्या हातात मेणबत्त्या होत्या. आत्या, मला इतकं बरं वाटलं. वाटलं, यांचीही कुणाची तरी जयंती असेल. मी जवळजवळ धावतच गेले आणि त्यांच्यात शिरले. रस्त्याच्या कडेला टेबलं मांडलीत का ते बघत चालायला लागले. टेबलं दिसेनात, म्हणून शेजारच्या बाईला हसून विचारलं की जेवण कुठं वाटतात.

ती थांबली. तिच्या मागचा माणूस थांबला, मग त्याच्या मागचा. तेव्हा कुठं मी घोषणा नीट ऐकल्या. सगळे शब्द वर्गात शिकलेले होते. बाहेरून आलेल्यांनी आपापल्या देशात परत जावं, असं ते म्हणत होते. म्हणजे मी जावं असं म्हणत होते, आणि मी त्यांच्यातच उभी राहून त्यांना जेवण मागत होते.

एकानं माझी टोपी ओढून काढली. दुसऱ्यानं मोबाइल माझ्या तोंडासमोर धरला. मी काय बोलले ते तो मोठ्यानं इतरांना सांगायला लागला आणि ते हसायला लागले. मला ओरडावंसं वाटलं, पण कुठल्या भाषेत ओरडू ते सुचेना. तेवढ्यात कुणीतरी माझं मनगट धरलं. वळून पाहिलं तर एर्ना आजींची मुलगी. तिच्या दुसऱ्या हातात झेंडा होता. तिनं मला ओढत बाजूच्या गल्लीत नेलं, ट्रामच्या थांब्यावर उभं केलं आणि ट्राम येईपर्यंत माझ्यापुढं उभी राहिली. मी आत चढले. ती परत गर्दीकडं निघून गेली.

दुसऱ्या दिवशी ती नेहमीसारखी आली. आईनं किती खाल्लं ते विचारलं. मी सांगितलं, सगळं खाल्लं. तिनं मान हलवली.

आत्या, मला लई भीती वाटते. गर्दीची वाटते आणि रिकाम्या रस्त्याचीही वाटते. परवाच्या सोमवारी मी आतून कडी लावून दिवसभर खोलीत बसले, पाव आणायलाही खाली उतरले नाही. पप्पांना मात्र सांगू नकोस. ते परत ये म्हणतील आणि मी लगेच निघेन, म्हणून सांगू नकोस.

मला विसरू नकोस, एवढंच मागते.

तुझी,
लुंबिनी

---

नांदेड
२४ ऑक्टोबर २०२५

चि. मारोतीस,
अक्काचा जय भीम.

लुंबिनीचं पत्र सोबत आहे. आधी ते वाच, मग हे.

वाचलंस? तिनं तुला सांगू नको म्हटलं होतं. पण तिला माणसांच्या गर्दीत जा असं मीच लिहिलं होतं रे. इथली मिरवणूक डोळ्यांपुढं ठेवून मी तिकडचा रस्ता सांगायला गेले. ते कळल्यापासून माझा डबा तसाच घरी परत येतो. पोर तिकडं एकटी भितेय, आणि मला इकडं एकटीला भिणं होईना, म्हणून तुला लिहिलं.

तू लगेच फोनवर आरडाओरडा करशील हे मला ठाऊक आहे. पाण्यात पाय टाकायच्या आधी बुडालो म्हणून ओरडणारा तू. पण तिचं शेवटचं वाक्य पुन्हा वाच. तू ये म्हणालास तर ती येईल. माझं मन तर म्हणतं आजच्या आज आण तिला. पण इथून जाताना ती किती ताठ मानेनं गेली होती, तेही मी पाहिलंय. अशी पळून आली तर पुन्हा तशी चालेल का, मला सांगता येत नाही. म्हणून जरा गप राहा, मनिषाला सावकाश सांग, आणि मग काय लिहायचं ते तू लिही.

थोरल्या बहिणीवर राग धर, पण धरून बसू नकोस.

तुझी,
अक्का

---

लातूर
२६ ऑक्टोबर २०२५

चि. लुंबिनीस,
पप्पाचा जय भीम.

अक्कावर रागावू नको. तिनं सांगितलं ते बरं केलं. तिचं ऐकून मी गप राहून पाहिलं, पण मला ते जमत नाही.

पोरी, मी भ्यालोय. बापानं असं लेकीला सांगू नये म्हणतात, पण मला त्याची लाज वाटत नाही. डेपोत काल एकच बोल्ट तीनदा आवळला. तू परत ये असं मला लिहायचं होतं. दवाखाने इथंही आहेत, म्हातारी माणसं इथंही आहेत, आणि लातुरात तुला कुणी जा म्हणणार नाही. मी कागदही घेतला होता. तुझी मम्मी म्हणाली, तिलाच इचारा, तिथं ती हाय, तुम्ही न्हाई.

म्हणून एकच विचारतो. सोमवारी तू कुठं जेवणार? कडी लावून उपाशी बसलेल्या लेकीला मी तिकडं ठेवणार नाही. याचं खरं उत्तर दे. उत्तर नसेल तर काही न लिहिता निघून ये, स्टेशनवर मी उभा असेन.

मम्मीनं तुझ्या नावानं मंगलकामना सांगितल्यात, त्या माझ्या जय भीमसोबत घे.

तुझा,
पप्पा

---

गेरा
४ नोव्हेंबर २०२५

ती. पप्पांस,
लुंबिनीचा सविनय जय भीम. वि. वि.

तुमच्या पत्राला लगेच उत्तर देता आलं नाही. खोटं लिहायचं नव्हतं, आणि खरं उत्तर माझ्याकडं नव्हतं. तुमचं पत्र आल्यानंतरचा सोमवारही मी कडी लावूनच काढला. बॅग कपाटावरून खाली काढून ठेवली होती.

मग मी आमच्या मुख्य नर्सला विचारलं. आधी सांगून ठेवलं तर भेटायला आलेल्या माणसाला पेशंटबरोबर जेवता येतं. मी विचारलं, सुट्टीच्या दिवशी मी आले तर? त्या म्हणाल्या, सुट्टीच्या दिवशी तू पाहुणी. म्हणून काल मी युनिफॉर्म न घालता, घरचा पंजाबी ड्रेस घालून गेले आणि एर्ना आजींच्या खोलीत त्यांच्यासमोर खुर्ची ओढून बसले. बटाट्याचं गरम सूप होतं. आजींनी स्वतःच्या ताटातला पाव उचलून माझ्या ताटात ठेवला.

आम्ही जेवत असताना त्यांची मुलगी आली. तिच्या पिशवीतून झेंड्याची काठी वर आली होती. मला त्या कपड्यांत, त्या खुर्चीवर बघून ती दारातच थांबली. माझ्या हातातला चमचा तसाच राहिला. वाटलं, आता ऊठ म्हणेल. माझ्याकडं उठून जायला दुसरी जागा नव्हती, म्हणून मी उठले नाही. ती आत आली, पलंगाच्या कडेवर बसली आणि बराच वेळ आम्हा दोघींना जेवताना बघत राहिली. मग मिठाची डबी माझ्याकडं सरकवली.

थोड्या वेळानं तिनं कोट घातला. आईच्या कपाळाला ओठ लावले. जाताना माझ्याजवळ थांबून हळू आवाजात म्हणाली की आमचा सोमवारचा मोर्चा आज याच रस्त्यानं जाणार आहे, आम्ही पुढं निघून जाईपर्यंत तू बाहेर पडू नकोस. मग पिशवी उचलून त्यांच्यात सामील व्हायला निघून गेली.

पप्पा, थोड्या वेळानं खिडकीखालून ते सगळे गेले. अनोळखी माणसांची भीती वाटली, पण त्यांच्यात ती होती याची जास्त वाटली, कारण माझं मनगट धरून मला सोडवणारीच खाली मला जा म्हणत होती. एर्ना आजींना काहीच कळत नव्हतं. त्यांनी तोंड उघडलं, म्हणजे पुढचा घास. मी पडदा ओढला आणि त्यांना सूप भरवलं. त्यांचं संपल्यावर माझं थंड झालेलं सूपही संपवलं.

सोमवारी मी तिथं जेवते. हे तुमच्या प्रश्नाचं खरं उत्तर आहे. भीती गेलेली नाही. बॅग पुन्हा कपाटावर ठेवली आहे. आता तुम्हाला काय म्हणायचं ते म्हणा.

मम्मीला जेवायला बसवा, आणि तिच्याबरोबर तुम्हीही बसा.

तुमचीच,
लुंबिनी