सतरा धडे, डोळे मिटून

३ एप्रिल
आजपासून रोजनिशी. मी सांगते, नात लिहिते. बोलेन तेच लिहायचं, शहाणपणा नको, असं बजावलंय. ही वही माझ्याशिवाय कोणी वाचायची नाही. मला वाचता येत नाही, म्हणजे वही एकदम सेफ.
संकल्प: नात जूनमध्ये हॉस्टेलला जाणार. तिची पत्रं माझी मी वाचायची. फोनवर ती नुसतं 'बरी आहे' म्हणेल.

५ एप्रिल, संध्याकाळ
आमच्या लाँड्रीच्या मागच्या खोलीत वाचायचा वर्ग. आम्ही नऊ जणी, सगळ्यांचे हात इस्त्रीनं पोळलेले. बाई माझ्या लेकीच्या वयाची. ओरडत नाही, उगीच वाहवा करत नाही. कोणी चुकलं की शेजारी येऊन बसते. असं कुठे शिकवतात? दरारा हवा. हळूहळू वळण लावेन तिला.

११ एप्रिल
अक्षरं हलतात. चष्म्याचा दोष. पण युक्ती सापडली. नात धडा वाचते, मी ऐकते. दोनदा ऐकला की पाठ. पान कधी उलटायचं, तेही पाठ.

२८ एप्रिल
सतरा धडे झाले. बाई म्हणाली, आजी, ओळीवर बोट ठेवून वाचा. बोट ठेवलं की गाडी अडते. मी सांगितलं, पट्टीच्या वाचणाऱ्याला बोट लागत नाही. नात हसली. हसलीस ते लिहू नकोस म्हटलं, तर तेही लिहिलं.

९ मे
कपड्यांवरच्या खुणा मी चाळीस वर्षं ओळखते. दोन टाके डॉक्टरीणबाईंचे, त्रिकोण हॉटेलचा. बाईनं त्याच खुणा फळ्यावर काढल्या. म्हणाली, एवढ्या ओळखता, मग 'क' काय अवघड? बाकीच्या आठ जणींना पटलं. माझं डोकं दुखत होतं.

२० मे
केसानं गळा कापला. बाईनं आमच्या पुस्तकाचं कव्हर दुसऱ्याच पुस्तकाला घातलं. मी उभी राहून विहिरीचा धडा खणखणीत म्हटला. पानावर शेळी होती. चांगली मोठी, चित्रासकट. मी खाली बघितलंच नव्हतं.
कोणी हसलं नाही. हसल्या असत्या तर बरं झालं असतं. बाई एवढंच म्हणाली, आजी, उद्यापासून मी तुमच्या घरी येते.

२१ मे
माझं पाठांतर बाईला सांगितलं कोणी? शेजारणीवर संशय आहे. सकाळपासून तिच्याशी बोलणं बंद.
नातीचा हात थांबला. का गं, विचारलं. म्हणाली, आजी, मीच सांगितलं. ही वहीसुद्धा दाखवली. मी गेल्यावर तुला कोण वाचून दाखवणार?
घरभेदी. हेही लिही. घरभेदी. तुझा हात नको मला. रोजनिशी बंद. बाई आली तर दार उघडायची नाही.

२६ जून
माझा हात.
नात हॉस्टेलला गेली.
बाई रोज येते. मी दार उघडते. ती शेजारी बसते.
पत्र आलं. 'आजी' एवढं वाचलं. बाकी उद्या.