टॅरिल रस्त्यावरच्या चौघी आणि माझे बाकीचे सामान

मी, ऑल्विन मे पेनहॉल, कै. कीथ पेनहॉल यांची पत्नी, वय एकोणऐंशी, निवृत्त शिक्षिका, राहणार टॅरिल, दक्षिण ऑस्ट्रेलिया, पूर्ण शुद्धीवर असताना व कोणाच्याही दडपणाखाली न येता पुढील व्यवस्था लिहून ठेवते. आधीचे मृत्युपत्र रद्द समजावे. माझी बुद्धी ठिकाणावर असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत आहे, कारण माझा भाचा ग्रॅहम याला त्याविषयी शंका आहे.

१. राहते घर, मागच्या शेडसह, ग्रॅहमला द्यावे. कीथची सुतारकामाची हत्यारेही त्यालाच. ती गंजू देऊ नयेत. गेल्या नाताळात तो म्हणाला, "आत्या, मेलेल्या बायकांसाठी एवढी वणवण केलीस. त्यांना काय मिळालं त्यातून?" तेव्हा ताटात भाजलेले कोकरू होते आणि त्याची मुले ऐकत होती, म्हणून मी त्याला बटाटे वाढले. उत्तर खाली देते.

२. साठच्या दशकात आमच्या टॅरिल रस्त्याच्या कडेला, गव्हाच्या शेतांलगत, एकामागून एक चार तरुण स्त्रियांची प्रेते सापडली. मर्ल, पॅट, डोरीन आणि एक अनोळखी. डोरीन पास्को माझ्या शेजारच्या वर्गाला शिकवायची. तिचा हसण्याचा आवाज भिंतीतून ऐकू यायचा. खुनी सापडला नाही. पोलिस अधिकारी बदलत गेले, गाव बोलायचे थांबले. मी नोकरीतून निवृत्त झाल्यावर पुन्हा विचारायला सुरुवात केली. कीथने एकदाही का म्हणून विचारले नाही. डबा भरून द्यायचा आणि म्हणायचा, "कांगारूंकडे लक्ष ठेव, संध्याकाळी रस्त्यावर येतात."

३. माझी कॅराव्हॅन डेस प्रूइट याला द्यावी. डेस ट्रक चालवायचा. या भागातला एकेक थांबा त्याला ठाऊक. सहा-सात वर्षे आम्ही दोघांनी मिळून शोध घेतला. त्याच्यासारखा सोबती मला पुन्हा मिळाला नाही. पण एके दिवशी त्याने रेडिओवर क्लेम हॅरप या मेंढ्यांची लोकर कातरणाऱ्याचे नाव खुनी म्हणून घेतले. त्या आठवड्यात क्लेमच्या खिडक्या फुटल्या, त्याच्या उतारवयात झालेल्या मुलीला शाळेतून काढून आणावे लागले. पुढे मी शोधून काढले की डोरीन गेली तेव्हा क्लेम पाय मोडून दुसऱ्या राज्यातल्या इस्पितळात पडला होता. मी डेसला सांगितले, "जा आणि त्याच्या दारात उभा राहून माफी माग." तो म्हणाला, "माझी चूक झाली असेल, ऑल्विन, पण प्रश्न तरी मी विचारला." तो गेला नाही. क्लेम गाव सोडून गेला आणि परगावीच वारला. त्यानंतर डेसशी मी बोलले नाही. कॅराव्हॅन त्याची हक्काची आहे, अर्धी डागडुजी त्यानेच केली. माझे कागद मात्र त्याच्या हाती पडता कामा नयेत.

४. सर्व कागद, नकाशे व ध्वनिफिती राज्याच्या अभिलेखागारात द्याव्यात. अट एकच: पुराव्याशिवाय कोणा माणसाचे नाव त्यातून उचलून छापू नये.

५. भिंतीवरचा चौकटीतला फोटो वेल्टा ओझोला, ॲडिलेड, यांना द्यावा. चौथीच्या, त्या अनोळखी मुलीच्या, कोटाच्या खिशात एक लोकरी हातमोजा सापडला होता. वर्तमानपत्रात तो नुसता काळा डाग दिसायचा. पोलिसांकडून हा रंगीत फोटो मिळाल्यावर त्यावरची परदेशी वाटणारी नक्षी दिसली. मी तो घेऊन ग्रीकांच्या चर्चमध्ये गेले, क्रोएशियन क्लबात गेले, शेवटी लाट्व्हियन लोकांच्या सभागृहात. तिथे जेवण वाढणाऱ्या एका आजींनी हात पुसले, फोटो उजेडात धरला आणि म्हणाल्या, "ही नक्षी आमच्याकडची. अशी विणणारी इथे एकच बाई होती. तिला दोन मुली." धाकटी वेल्टा. थोरली आस्ट्रा कोणाबरोबर तरी पळून गेली, अशी घरात समजूत होती. वेल्टाच्या लाळेची डीएनए तपासणी झाली आणि चौथी म्हणजे आस्ट्राच, हे पोलिसांनी मान्य केले. थडग्यावर 'अज्ञात स्त्री' कोरलेला दगड काढला त्या दिवशी वेल्टा मला म्हणाली, "मी तिच्यावर रुसून बसले होते गं. माझ्या लग्नाला आली नाही म्हणून. आई वारली तेव्हाही आली नाही म्हणून." मग बराच वेळ आम्ही दोघी तिथेच गवतावर बसलो. तिने राय धान्याचा काळा पाव आणला होता, तो खाल्ला.

ग्रॅहम, काय मिळालं म्हणून विचारलं होतंस. हे मिळालं.

६. बँकेतील शिल्लक क्लेमची मुलगी लोर्ना हॅरप हिला द्यावी. ती नको म्हणेल. वकीलबाईंनी पुन्हा विचारावे.

७. मला कीथशेजारी पुरावे. पाद्रीबाबांनी मला गुप्तहेर वगैरे म्हणू नये. ज्याला शोधत होते तो मला सापडलेला नाही, आणि आता सापडणारही नाही. याचे मला वाईट वाटते, पण झोप लागते.

८. पुढे कधी खुनी कोण ते कळले, तर माझ्या थडग्याशी येऊन सांगायची गरज नाही. आधी वेल्टाला फोन करावा. तिला कमी ऐकू येते. बराच वेळ वाजू द्यावा.

वरील मजकूर मी वाचून पाहिला, तो माझ्या मनासारखा आहे, म्हणून दोन्ही साक्षीदारांदेखत सही करते.

ऑल्विन मे पेनहॉल

साक्षीदार:
थेल्मा ज्यूरी, शेजारीण
बेव्हन शुल्झ, बेकरीवाले

टॅरिल, दि. १४ ऑगस्ट २०१९