वधू एका फाईलीत, वर दुसऱ्या

५ जानेवारी, रविवार

मंडळाच्या वधू-वर फाईलची साईज १.९४ जीबी. दोन जीबी झाले की हे जुनं ॲक्सेस सॉफ्टवेअर एकही नवीन स्थळ आत घेणार नाही. घाबरायचं कारण नाही. प्रोग्राम २००९ साली मीच बनवला, क्लास न लावता. पासवर्डही फक्त मलाच माहीत. म्हणून तर गेल्या वर्षी पुण्याची नोकरी नाकारली. सहा दिवस वळ गावच्या गोडाऊनमध्ये ड्युटी, सातव्या दिवशी मंडळाची खोली. सुटका नाही. माझ्यावाचून मंडळाचं अडतं.

केसरीनाथकाका आले होते. त्यांची निवेदिता गणेशपुरीला शिक्षिका आहे. स्थळं कधी देतोस, म्हणाले. फाईल भरत आलीय, म्हटलं. पोरगी तेहतिशीची झाली, तुझी फाईल किती वर्षांची? सोळा, म्हटलं. मग आधी तिलाच उजवून टाक, म्हणाले.

संकल्प : महिन्याभरात फाईल एक जीबीवर.

१२ जानेवारी

लग्न झालेली २१२ माणसं डिलीट. साईज आधी १.९४. नंतरही १.९४. माणूस काढला तरी फाईल त्याची जागा सोडत नाही. कॉम्पॅक्ट, म्हणजे आवळून लहान, करावं लागतं. चिटणीस सुचेताताईंना समजावलं. त्या म्हणाल्या, सासरी गेलेल्या मुलीची खोली माहेरी तशीच ठेवतात, तसं का? तसं नाही, म्हटलं. आहे तसंच.

दुपारी १. कॉम्पॅक्ट लावलं.

दुपारी ४.१०. डिस्क फुल. कॉम्पॅक्ट करताना आधी दुसरी फाईल बनते. म्हणजे जागा करायलाही जागा पाहिजे.

१९ जानेवारी

उपाय सापडला! वधू एका फाईलीत, वर दुसऱ्या, मध्ये लिंक. आता प्रत्येक फाईलीला स्वतंत्र दोन जीबी. सुचेताताई म्हणाल्या, अरे, आपलं काम जोडायचं ना? हसून सोडून दिलं. टेक्निकल गोष्टी सगळ्यांना कळत नाहीत.

जाता जाता वरांचं फोल्डर नीट लावलं, नाव बदललं. टापटीप असावी.

२६ जानेवारी

४१ मुलींच्या स्थळांच्या याद्या दहा मिनिटांत प्रिंट. एरवी पाच-सहा पानं निघतात, आज प्रत्येकीचं एकच. कागदाची बचत. वाचत बसलो नाही, संगणकावर विश्वास हवा. मंडळाचे शिपाई मनोज पाकिटं घरोघरी देऊन आले.

२ फेब्रुवारी, सकाळी १०

खोलीला आतून कडी घातली आहे. बाहेर अकरा बाप.

काय झालं ते कळलं. फोल्डरचं नाव बदललं आणि लिंक तुटली. सगळे वर बाहेर राहिले. वधूंच्या फाईलीत एकच पुरुष होता. सोळा वर्षांपूर्वी प्रोग्राम तपासायला मी माझंच नाव भरलं होतं, ते वेगळं काढायचं राहिलं. वय २२, पगार साडेचार हजार. ४१ याद्यांत तेवढं एकच स्थळ.

१०.४० केसरीनाथकाकांनी दारातून विचारलं, केदार, हा बावीस वर्षांचा तूच ना रे? हो, म्हटलं. लबाडी केली नाही. अडतीसचा आत्ता झालोय.

१२.०५ खिडकीला गज आहेत. फाईल आत, पासवर्ड आत, मीही आत.

१.३० तरी लेखी नकार एकाचाही नाही. यादी निवेदितांकडेही गेलीय. शांतपणे विचार केला तर जोडा वाईट दिसणार नाही.

५ फेब्रुवारी

निवेदितांचा फोन. यादीचं विचारलं आणि खूप वेळ हसल्या. मनमोकळ्या आहेत. चिन्हं चांगली आहेत. नवीन शर्ट घेतला.

९ फेब्रुवारी

सुचेताताईंनी वधू-वरांचा व्हॉट्सॲप ग्रुप काढला. चार दिवसांत एकशे साठ जण. निवेदितांचं अंबाडीच्या देवेशशी जमतंय, काका पेढे देऊन गेले. मी दोन खाल्ले.

ग्रुपमध्ये मला घेतलं नाही. सुचेताताईंना विचारलं, जागा नाही का? म्हणाल्या, जागा भरपूर आहे रे. पण तुझं स्थळ सगळ्यांचं बघून झालंय.