पन्हाळीतली हिमनदी

८ जाने. ४४, नळदुर्ग
पत्र आलं. धाराशिवच्या मुलींच्या शाळेत शिक्षिकेची जागा मला मिळाली. एक फेब्रुवारीला हजर व्हायचं. कबूल असेल तर पंचवीस तारखेच्या टपालानं कळवायचं.
घरातलं सगळं टपाल मीच वडिलांना, आबांना, वाचून दाखवते. त्यांच्या डोळ्यांना आता उजेड आणि अंधार एवढंच कळतं. आज तीन पत्रं आली, दोन वाचली. तिसरं, हे माझं, शेवयांच्या डब्यात. यापुढं वहीत त्याला नुसतं प. लिहीन.

९ जाने.
भूगोलाचे मास्तर, म्हणजे आबा, आंधळे झालेत हे शाळेत कुणाला ठाऊक नाही. धडा मी वाचायचा, त्यांनी पाठ करायचा. वर्गातली पावलं मोजून ठेवलीत. कळलं तर नोकरी गेली.
वीस तारखेला मुआइना, शाळेची तपासणी. साहेब वर्गात बसून शिकवणं तपासणार. धडा नेमका हिमनद्यांचा! निजामाचं राज्य म्हणून पुस्तक उर्दू, पोरं मराठी, आणि बर्फ अख्ख्या वर्गात कुणी पाहिलेला नाही. आबांनीसुद्धा.

११ जाने.
वाचलं. डोंगरावर बर्फ पडतो, तो वितळायच्या आत वर दुसरा. वर्षानुवर्षं. वरच्याचं वजन खालच्यावर, मधली हवा निघून जाते, भुसभुशीत होतं ते घट्ट निळं होतं. मग तेच आपल्या वजनानं उताराला वाहतं. सपाटीवर असलं तर चहूअंगांनी पसरतं, मुलुखच्या मुलूख झाकून टाकतं.
म्हटलं, "आबा, दगडासारखं घट्ट आणि वाहतं कसं?"
"घट्ट हाय म्हणजे थांबलंय, असं कुणी सांगितलं तुला?"
मला लागलंच ते. अठरा वर्षं ही आळी, हा उंबरा. प. डब्यातच.

१४, शुक्र., संक्रांत
आबांची युक्ती: बर्फ नाही तर काकवी. गुऱ्हाळावरून लोटाभर आणली. घराच्या धाब्यावरचं पावसाचं पाणी काढायची जुनी लाकडी पन्हाळ, एका टोकाखाली वीट. मी शहाणी, काकवी पातळ व्हावी म्हणून शेकली. ओतली, तर भसकन अंगणात!
आत्या, म्हणजे आबांची थोरली बहीण, धावत आली. "अगं भवाने, सणाचं गोड मातीत! मुंग्यांचं लगीन हाय का?"
आबा पोट धरून हसले. मीही. किती दिवसांनी.
मग थंडीनं घट्ट झालेली उरलेली ओतली. पन्हाळीच्या दोन्ही काठांना विळ्यानं खाच पाडली, आबांना चाचपता यावी म्हणून. खाचेपासून खाचेपर्यंत जोंधळ्याची आडवी ओळ मांडली.

१५ जाने.
ओळ वाकली! मधले दाणे चार बोटं पुढं, कडेचे खाचेपाशीच. आबांनी बोटं फिरवली. "बरोबर. बर्फाचं असंच. कड खडकाला घासती, म्हणून मागं राहती. मधलं मोकळं."
लई खूश झाले. मी चुलीपुढं जाऊन रडले. आत्याला सांगितलं, धूर गेला डोळ्यात.
मी कडेची आहे. आबांचा हात सोडला तर ते पडणार, धरून राहिले तर मी इथंच. आईविना वाढवलं त्यांनी मला. कुठल्या तोंडानं सांगू?

२० जाने.
मुआइना पार पडला. आबांनी आल्याआल्या सगळं सांगितलं. साहेबांनी पुस्तक पुढं केलं, "पढ़के सुनाइए." आबा म्हणाले, "हुजूर, किताब पोरांच्या हातात शोभते. माझ्याकडं हिमनदी हाय." आणि घरून नेलेल्या पन्हाळीवरचं फडकं काढलं. साहेब खाली वाकून बघत राहिले म्हणे. शेवटी बोट चाटलं.
बक्षीस काय, तर पुढल्या वर्षी इतिहासही आबांनाच. "आता दोन पुस्तकं, शकू!"
आत्यानं ओवाळलं. माझ्याच हातानं मी माझ्या दाराला कडी घातली. राग आला. आबांचाच आला. लाज वाटते, पण खोटं कशाला लिहू.

२३ जाने.
पन्हाळ शाळेतून परत आली. धुवायला घेतली तर आबा म्हणाले, "थांब. कडेचे कुठं हायेत?"
"तिथंच."
"डोळ्यानं नको सांगू. खाच धर, बोट लाव."
लावलं. खाच आणि दाणा यांच्यात माझं नख मावलं.
"सरकलाय, आबा."
"मग कडपण जाती म्हण की."
काठावरची खाच पुन्हा चाचपली. नंतर एकदम, "हल्ली टपाल वाचताना तुझा आवाज का गं पडतो?"
पाणी आणायच्या निमित्तानं उठले.

२४ जाने.
सकाळी प. डब्यातून काढलं आणि वाचलं. मोठ्यानं, अथपासून इतिपर्यंत.
"परत वाच."
वाचलं. आबांनी कागद घेतला, खाच चाचपावी तसा चाचपला.
"कधीपर्यंत कळवायचं?"
"उद्या."
"आन् आलं कधी?"
"सोळा दिवस झाले."
रागावतील वाटलं. नाही रागावले. म्हणाले, "दौत-टाक आण. आपल्या घरातली पत्रं मीच सांगतो."
आणलं. कागद पुढ्यात, टाक बुडवलाय. "काय लिहू, आबा?" दोनदा विचारलं. बोलत नाहीत, नुसते माझ्याकडं तोंड करून बसलेत. तोवर वहीत हे लिहितेय. मी कागदावर काय लिहीन ते त्यांना दिसणार नाही. हे त्यांनाही ठाऊक आहे.