वाटेतलं जांभळीचं झाड

खोपोली, माघ वद्य पंचमी, सायंकाळ

जांभळीचं झाड तोडलं. गोल्फच्या मैदानात मधोमध होतं. आमच्या वीजघराच्या गोऱ्या साहेबाचा चेंडू दर वेळी त्याच्या बुंध्यावर आपटायचा. मी मात्र वीजघरात कारकुनीला जाण्याआधी तीन महिने रोज सकाळी त्याच झाडापुढे हात झिजवले. खांदे डावीकडे, काठीचं तोंड जरासं उजवीकडे, म्हणजे चेंडू वळतो. हे मला शिकवलं कुणी? कुणीच नाही.

शनिवारी साहेबासमोर मारला. चेंडू जांभळीला वळसा घालून थेट खळीतल्या झेंड्यापाशी गेला. साहेब म्हणाला, "नशीब."

आज तिथे नुसता बुडखा. ओला रस अजून पाझरतोय. गवत कापणारा भाग्या म्हणाला, "भाऊसाहेब, तुमचा चेंडू वळला ना, त्याच सांजेला सायबानं सांगितलं, तोड म्हनून. आमी नाय कसं म्हनायचं?"

नशीब होतं, तर झाड का तोडलं?

तेवढ्यात साहेब आला. त्या ओल्या बुडख्याकडे काठी रोखून म्हणाला, "आता सरळ मारा. तुमच्यासाठी सोपं केलंय."

आणि मी? मी 'थँक यू सर' म्हणालो. आणि मारला सरळ.