शिवप्रसाद क्लब माझाच

अंबरनाथ, ७ मार्च १९५४, रविवार

आजपासून रोजनिशी. रोज पहाटे उठून लिहायची. (आज दुपारी लिहितो आहे, पहाटे दौतीत शाई नव्हती.) ही वही कोणी वाचणार नाही, तेव्हा खोटा विनय नको. अंबरनाथात फुटबॉल आहे तो माझ्यामुळे. शिवप्रसाद फुटबॉल क्लब सेहेचाळीस साली मी काढला. प्रेसिडेंट मी, घटना मी लिहिली, मैदानावरचे सागाचे गोलखांब माझ्या खिशातून आले. स्वतः चेंडूला पाय लावलेला नाही, हे खरे. पण बँडमास्तर स्वतः ढोल बडवत नाही.

संकल्प: दोन वर्षांत मुंबईच्या रोव्हर्स कपात उतरायचे.

अडचण एकच. जिल्हा लीगने यंदापासून बूट सक्तीचे केले आणि आमची पोरे अनवाणी खेळतात. कॅप्टन चांगो आज विचारत होता, बुटांचे काय. हा बुवापाड्यात राहतो, कारखान्यात भट्टीवर आहे. त्याला म्हटले, बुटांचा विचार प्रेसिडेंट करतील, तू पासिंगचा कर. या लोकांचे सगळे डोके पायात.

८ मार्च

काही विशेष नाही.

२१ मार्च, रविवार

मध्ये लिहिणे झाले नाही. वर्गणीची मोहीम चालू होती. गावातल्या प्रतिष्ठितांना पत्रे पाठवली, उत्तम इंग्रजीत. उत्तर एकाचेच आले, डॉक्टरांचे. लिहितात, फुटबॉलने गुडघे जातात. या गावाला खेळाची अक्कल नाही. इथे माझ्यासारखा माणूस म्हणजे उकिरड्यावर ठेवलेला पियानो.

हिचे म्हणणे, पत्रे मराठीत लिहिली असती तर निदान वाचली गेली असती. बनूबाईंना पत्रव्यवहारातले काय कळते? पोरांना दर रविवारी मॅचनंतर पोहे करून घालते, म्हणून तिला वाटते की क्लब तिच्या परातीवर चालतो.

२ एप्रिल, शुक्रवार

आज ऑफिसात एक सिंधी आला. लोकूमल. उल्हासनगरात कॅम्प चारमध्ये त्याची बिस्किटांची भट्टी आहे. कपड्यांना मैदा, मिशीलाही मैदा. मला साईं साईं म्हणत होता. त्याने आमच्या तीन मॅच पाहिल्या आहेत म्हणे. पोरे चांगली आहेत, बूट, जर्सी, लीगची फी, जाण्यायेण्याचे भाडे सगळे तो देईल. बदल्यात कमिटीवर निम्म्याहून जास्त जागा त्याच्या आणि क्लबच्या नावाला बिस्किटाचे नाव जोडायचे.

वर सांगतो, कराचीत तो स्वतः लेफ्ट आऊट खेळत असे. कराचीहून आलेला प्रत्येक जण तिथे कोणीतरी होता. जमीनदार भेटले, मिलमालक भेटले. लेफ्ट आऊट हा पहिलाच.

विचार करून सांगतो म्हटले. हसू आवरणे कठीण गेले.

४ एप्रिल, रविवार

युक्ती सुचली. बूट घ्यायचे, क्लब द्यायचा नाही.

लोकूमलला निरोप पाठवला की तत्त्वतः मान्य आहे. शब्द दिला, सही दिली नाही. यालाच कायद्याचे डोके म्हणतात. बिस्किटवाल्याला हे उमगायला सात जन्म लागतील.

हिने विचारले, सही नाही पण शब्द दिलात ना? बायकांशी घटनात्मक बोलणे व्यर्थ आहे.

२५ एप्रिल, रविवार

बूट आले. अकरा जोड आणि वर दोन. पोरांची दैना पाहण्यासारखी होती. हरिचंद्र आमचा गोलकीपर, एरवी माकडासारखा उडतो, तो बूट घालून नव्या नवरीसारखा चालत होता. चांगोच्या टाचा सोलल्या. मी शिस्तीवर भाषण दिले. ऐकायला सगळे बसले होते. उभे राहवत नव्हते म्हणून असेल.

मग लोकूमल आला. लेंगा आणि वहाणा अशा अवतारात त्याने कोपऱ्यावरून किक मारली. चेंडू वळत वळत सरळ गोलात गेला. पोरे वेडी होऊन ओरडली. वारा होता.

जर्सीवर पुढे शिवप्रसाद आणि मागे बिस्किटाचे नाव. तेही मोठ्या अक्षरांत. हरकत नोंदवली. तो म्हणाला, साईं, पुढचे वाचायला माणूस समोर लागतो, मागचे पळताना सगळ्यांना दिसते. पोरे हसली. कशाला हसली ते कळले नाही.

९ मे, रविवार

आज कमिटीची मीटिंग माझ्याच घरी झाली. लोकूमलने मी दिलेला शब्द काढला. मी शांतपणे सांगितले की सही नाही, सबब करार नाही. बूट देणगी म्हणून स्वीकारतो, आभाराचे पत्र मिळेल.

वाटले होते की उठून जाईल. गेला नाही. त्याने फक्त चांगोकडे पाहिले. चांगो बराच वेळ चटईच्या काड्या मोडत बसला. मग म्हणाला की शब्द दिला होता तर तो पाळायला हवा, मत घ्या.

मत घेतले. लोकूमल चेअरमन, मी 'संस्थापक', असा ठराव. विरोधात हात एकच वर झाला. तो माझा होता.

मीटिंग बेकायदेशीर ठरवून मी रबरी शिक्का खिशात घातला आणि बाहेर पडलो. बाहेर आल्यावर लक्षात आले की घर माझेच आहे. कोपऱ्यावरच्या हॉटेलात दोन चहा घेऊन परत आलो, तोवर हिने सगळ्यांना पोहे वाढले होते. लोकूमल दुसऱ्यांदा घेत होता.

शिक्क्याची शाई कोटाला लागली. खिशावर उलटे 'शिवप्रसाद' उमटले आहे.

१२ मे, बुधवार

कल्याणला वकील चिंतामणींकडे गेलो. माणूस सुस्त आहे. सगळे ऐकून विचारतो, क्लब रजिस्टर आहे का? नाही. मग मालक कोण? म्हटले, मी. हा दावा शिवप्रसादच्या अस्तित्वाचा आहे, हायकोर्टापर्यंत नेऊ. तो म्हणाला, आधी कल्याणला नेऊ. नाव, शिक्का, खांब यांवर हक्क सांगू आणि त्यांना वापरायला मनाई मागू. खेळाडूंवर हक्क सांगता येणार नाही. का नाही? त्यांना आठ वर्षे मी घडवले. चिंतामणी म्हणाला, माणसे जंगम मालमत्तेत धरत नाहीत.

एवढ्या बुद्धीवर सनद मिळते.

वकिलाच्या फीसाठी सायकल विकली. नाहीतरी चालणे प्रकृतीला चांगले.

१४ मे

पायाला फोड.

३० मे, रविवार

चांगो घरी आला होता. समन्स मिळाले असणार, म्हणजे घाबरला. मी मुद्दाम वर्तमानपत्र वाचत राहिलो. तो आत आला नाही, उंबऱ्याशी उकिडवा बसला. हिने पाणी दिले. बरेच इकडचे तिकडचे बोलला. पोरे बुटांत आता पळायला लागली, कल्याणच्या टीमला दोन गोलांनी हरवले. मग मुद्द्यावर आला.

"पंत, खुर्ची तुमचीच हाय. ती कोनी मांगली नाय. तुमी मैदानावर येवून बसा, कोर्टान नको. लोकूशेठपन ह्याच बोलतंय."

माझा विजय समोर दिसत होता. शत्रू तहाला आला की समजावे, त्याची दारू संपली. मी सांगितले, जे काय ते न्यायाधीशापुढे. चांगो उठला, चप्पल घातली, पुन्हा काढली, आत येऊन माझ्या पाया पडला आणि गेला. नाटकी आहेत ही माणसे.

रात्री ही एवढेच म्हणाली, "तो तुम्हाला न्यायला आला होता." कुठे न्यायला? मला मैदानाचा रस्ता माहीत आहे.

१८ जून, शुक्रवार

जिंकलो!

सविस्तर लिहितो, पुढे इतिहासाला उपयोगी पडेल. मी पंधरा पानांचे भाषण तयार नेले होते. न्यायाधीशांनी आधी प्रतिवादींना विचारले, तुमचे म्हणणे काय? लोकूमल म्हणाला, बूट आणि जर्सी माझ्या, बाकी काही नको. मग चांगोला विचारले. तो हात जोडून उभा राहिला आणि म्हणाला:

"साहेब, क्लब पंतांचाच हाय. नाव घेवंदे, शिक्का घेवंदे, खांब पन घेवंदे. आमाला निस्ता खेलाचा हाय."

माझ्या बाजूने निकाल. नाव, शिक्का, खांब, सगळे माझे. मनाईहुकूमही मिळाला. भाषण वाचण्याची परवानगी मागितली, न्यायाधीशांनी पुढचा दावा पुकारला. चिंतामणीने तोंड उघडले नाही, फी पूर्ण घेतली.

पेढे आणले. चाळीत वाटले. शेजारच्या बाळाजीने विचारले, नातू झाला का?

२० जून, रविवार

हुकुमाची अंमलबजावणी. सकाळी पोरांनी मैदानावरचे गोलखांब उपटले आणि खांद्यावर घालून माझ्या दारात आणून ठेवले. भांडण नाही, शिवी नाही. पावसात भिजून आली होती. हरिचंद्राने विचारले, पंत, कुठे ठेवू? हा प्रश्न मला कोर्टात सुचला नव्हता.

उभे खांब जिन्याखाली गेले. आडवे कुठेच मावेनात, ते गॅलरीत आहेत. माझ्या दारापासून बाळाजीचे दार ओलांडून पलीकडच्या बिऱ्हाडापर्यंत. येणाऱ्याजाणाऱ्याला पाय उचलून जावे लागते. बाळाजी तक्रार करतो. त्याला कोर्टाच्या हुकमाची नक्कल दाखवली. तो वाचायला चष्मा आणायला निघाला आणि आडव्या खांबाला अडखळून पडला.

हिने दोन दोऱ्या बांधून एक खांब वर टांगला आणि त्यावर कपडे वाळत घातले. क्लबच्या इतिहासात असा अपमान झाला नव्हता. पण पावसात कपडे वाळतात, हे मान्य करावे लागेल.

२३ जून, बुधवार

त्या लोकांनी नवा क्लब काढला. बुवापाडा इलेव्हन. कल्पनाशक्तीचा दुष्काळ. मैदानावर बांबूचे खांब लावले आहेत. जर्सीवरची 'शिवप्रसाद' ही अक्षरे चांगोची बायको सोनी आणि आणखी बायकांनी बसून उसवली. उसवलेली अक्षरे धुऊन, पुडीत बांधून माझ्याकडे पाठवली. हुकमाप्रमाणे माझीच आहेत ती.

संकल्प: नवी टीम. अधिक सुशिक्षित. दहा दिवसांत.

२७ जून, रविवार

निवड चाचणी. स्टेशनच्या फलकावर नोटीस लावली होती: 'सुवर्णसंधी'. तिघे आले. एक पोस्टातला कारकून, चष्मा सुतळीने कानाला बांधलेला. दुसरा बदलापूरहून, बेलवलीचा. त्याला वाटले कारखान्यात नोकरी आहे, दाखले बरोबर घेऊन आला होता. तिसरा बाळाजी. तो खेळायला आला नव्हता, गॅलरी कधी मोकळी होते ते विचारायला आला होता.

संख्येपेक्षा गुण महत्त्वाचे.

४ जुलै, रविवार

गेल्या सोमवारी लीगचा कार्यक्रम आला. पहिली मॅच अकरा तारखेला, शिवप्रसाद विरुद्ध बुवापाडा इलेव्हन. नियतीने त्यांना माझ्या हाती दिले होते. लीगला लिहिले की मैदान ओले आहे, मॅच पुढे ढकला. उत्तर उलट टपाली आले. पावसाळी लीग आहे, मैदान ओलेच असते, अकरा नावे कळवा. मी माझे, पोस्टातल्या कारकुनाचे आणि बेलवलीच्या उमेदवाराचे नाव कळवले. बाकीची जागा सन्मानाने रिकामी सोडली.

८ जुलै, गुरुवार

लीगने शिवप्रसादचे नाव कापले. आमच्या जागी कल्याणची टीम घेतली. ठीक आहे. बहिष्कार माझ्या मनात होताच, त्यांनी तो फक्त आधी जाहीर केला.

आता क्लबवर डाग नाही, वाद नाही, कोणाचा हात वर होत नाही. कमिटीत पूर्ण एकमत आहे.

११ जुलै, रविवार, सायंकाळी पाच

घरीच आहे. तत्त्व म्हणजे तत्त्व.

दुपारपासून लोक मैदानाकडे चालले आहेत. उल्हासनगरहून दोन ट्रक भरून आले, बुवापाड्याच्या बायका पोरांना कडेवर घेऊन गेल्या. लोकूमल फुकट बिस्किटे वाटतो आहे म्हणे. लोक कशालाही जमतात.

साडेतीनला हिने छत्री घेतली. पोह्यांचे मोठे पातेले फडक्यात बांधून तयार होते. मी विचारले, कुठे? म्हणाली, आठ वर्षे ज्यांना खाऊ घातले ती पोरे आज पहिल्यांदा बूट घालून लीग खेळणार. मी म्हटले, आपण त्यांच्याविरुद्ध दावा जिंकलेला आहे. ती म्हणाली, "तुम्ही जिंकलात. मला कोणी विचारले नव्हते." पातेले जड होते. खाली बाळाजी थांबला होता, त्याने दुसऱ्या बाजूने धरले. दोघे गेले. बाळाजीला फुटबॉलमधले काय कळते.

चाळीत फार शांत आहे. खालच्या मजल्यावरचा म्हातारासुद्धा गेला, त्याला खुर्चीत बसवून नेले. एरवी या वेळी नळावर भांडण असते.

चहा करून पाहिला. साखर कुठे ठेवते कोण जाणे.

आत्ता मैदानाकडून मोठा आवाज आला. गोल झाला असावा. हातातले टाकून गॅलरीत गेलो. तिथून मैदान दिसत नाही, हे आठ वर्षांत कधी लक्षात आले नव्हते. इतकी वर्षे मी मैदानावरच असे.

आवाज अजून चालू आहे. आपल्या पोरांनीच केला असणार. चांगोने, किंवा मग

कोणी केला, हे विचारायला चाळीत एकही माणूस नाही.