नुसता निरोप धाडा

साहेब,

तुम्ही जाऊन पंचवीस वर्षं झाली. तुमच्याशी बोलायचं राहिलंय ते त्याच्याही आधीपासूनचं. काल माझी नात ड्युटीवरून आली. तीही नर्स झाली आहे, इथेच नाशिकमध्ये. जेवताना मी तिला सहज विचारलं, पेशंट बिघडला तर डॉक्टरांना कसं बोलावता गं तुम्ही? ती म्हणाली, "फोन करते आजी. किती वाजता केला ते फोनमध्ये आपोआप राहतं. उद्या कोणी नाही म्हणू शकत नाही." एवढं बोलून तिने आणखी एक पोळी वाढून घेतली. मी मात्र ताट तसंच ठेवून उठले. म्हणून आज हे लिहायला बसले आहे.

आणीबाणी उठून वर्ष झालं असेल तेव्हा मी तुमच्या आरोग्य केंद्रावर रुजू झाले. सायखेड्याच्या पलीकडे, नदीकाठचं गाव, सहा खाटा, एक जीप आणि सगळ्यांच्या वर डॉक्टर म्हणून तुम्ही. पहिल्याच दिवशी तुम्ही आम्हा सगळ्यांना व्हरांड्यात उभं करून सांगितलंत, "इथे चूक कोणाचीही होवो, उत्तर मी देणार. प्रमुख म्हणजे दुसरं काय असतं?" आमच्या वस्तीतली मी पहिली नर्स. केंद्रातल्या माठाला मी हात लावायचा की नाही यावर कंपाउंडर आणि शिपाई यांची कुजबुज चाललेली मला ऐकू येत होती. अशा ठिकाणी साहेबाचं हे वाक्य ऐकलं आणि वाटलं, आपण योग्य जागी आलो. नर्सिंग शाळेत शिकवल्याप्रमाणे मी कॉल बुक काटेकोर लिहायचे. डॉक्टरांना बोलावणं धाडायची, लाल कापडाच्या पुठ्ठ्याची ती वही. पेशंटचं नाव, काय होतंय, किती वाजले, सगळं लिहायचं, केंद्रातल्या आया मावशीच्या हाती आवारातल्या तुमच्या क्वार्टरवर पाठवायची, तुम्ही वेळ घालून सही करायची. तेव्हा मला ती वही म्हणजे नुसती कटकट वाटे.

मग ते पायाळू बाळ आलं. तुम्ही तालुक्याला मीटिंगला गेला होता आणि मी एकटीने बाई मोकळी केली, बाळही रडलं. परत आल्यावर तुम्ही मला घरी बोलावलंत. वहिनींनी मला स्वयंपाकघरात ओट्याशेजारी पाटावर बसवलं आणि घरच्याच कपात चहा दिला. त्या कपाची निळी किनार अजून माझ्या डोळ्यांपुढे आहे. तुम्ही दारात उभे राहून हसत म्हणालात, "सिस्टर, मला वही कशाला पाठवता? वही असते एकमेकांवर भरवसा नसलेल्यांसाठी. तुम्ही नुसता निरोप धाडा, मी हातातलं टाकून येईन." आणि मनगटावरचं घड्याळ काढून माझ्या हातात ठेवलंत. सेकंदकाट्याचं, नाडी मोजायला सोयीचं. त्या दिवशी घरी जाताना माझे पाय जमिनीवर नव्हते. पुढची दोन वर्षं कॉल बुक कपाटात पडून राहिलं. मी निरोप धाडायचे, तुम्ही यायचात. खोटं कशाला बोलू, यायचात.

तो दिवस तुम्हालाही आठवत असणार. तुमच्या मुलीला बघायला देवळाली कॅम्पहून पाहुणे आले होते. सकाळपासून क्वार्टरवर गडबड चाललेली, श्रीखंडासाठी चक्का टांगलेला मी स्वतः पाहिला होता. दुपारी मळ्यातली एक बाई बाळंत झाली. तिसरी खेप, बाळ छान, वार पडली, सगळं सुरळीत. आणि मग रक्त थांबेना. मी पोट चोळते आहे, इंजेक्शन दिलं आहे, सलाईन लावलं आहे, खाटेखाली पातेलं ठेवलं आहे. मावशीला धाडलं. ती परत आली, "आलोच म्हनले." तुम्ही आला नाहीत. पुन्हा धाडलं. मावशी पदराने घाम पुसत म्हणाली, "साहेब म्हनले, सिस्टर हाय ना तिथं, मग घाबरायचं काय कारन? पावनं जेवाया बसल्यात." तिसऱ्या खेपेला मी स्वतः धावले. माझ्या हाताला रक्त होतं, म्हणून मी अंगणातच थांबले आणि तिथून हाक मारली. तुम्ही हात धुऊन आलात, बाईवर एक नजर टाकलीत आणि म्हणालात, "जीप काढा, नाशिकला सिव्हिलमध्ये न्या."

जीपमध्ये मागे मी, बाटली वर धरून, आणि तिची सासू बाळाला घेऊन. तुम्ही पुढे बसला नाहीत, पाहुणे जायचे होते ना. चेहेडीच्या पुलापर्यंत ती कण्हत होती. नाशिकच्या द्वारका चौकात ट्रकांची रांग लागलेली, ड्रायव्हर हॉर्न वाजवून थकला. सासू माझ्याकडे बघून हळूच म्हणाली, "बाई, ही आता बोलत नाय." मी नाडी बघितली. तुमच्या घड्याळावर पूर्ण एक मिनिट मोजत राहिले, मोजण्यासारखं काही नव्हतं तरी.

आठवड्याने जिल्ह्याहून चौकशीला अधिकारी आले. तुमच्याच टेबलाशी बसले, तुम्ही शेजारी, मी समोर उभी. त्यांनी तुम्हाला विचारलं, केंद्राच्या आवारात असून उशीर का झाला? मला वाटलं, आता तुम्ही ते वाक्य म्हणाल. उत्तर मी देणार. तुम्ही शांतपणे शिपायाला सांगितलंत, "कॉल बुक आणा." वही आली, तिच्यावरची धूळ तुम्ही हाताने पुसलीत आणि पान उघडून त्यांच्यापुढे सरकवलंत. कोरं. पुढचं पान, त्याच्या पुढचं पान. "मला कळवल्याची नोंद नाही. सिस्टर हुशार आहेत, पण नोंद ठेवायची त्यांना सवय नाही. दोन वर्षांत एकही नाही, तुम्हीच बघा." केसाने गळा कापणं म्हणतात ते मी त्या दिवशी उभ्या उभ्या पाहिलं. मी काय सांगणार होते? की साहेबांनीच मला लिहू नका म्हणून सांगितलं, चहा पाजून? मावशीला कोणी आत बोलावलंच नाही. बाहेर ती मला म्हणाली, "मला इचारलं असतं तर सांगितलं असतं बाई. पन इचारतंय कोन?"

माझ्या सर्व्हिस बुकात 'निष्काळजी' असा शेरा पडला आणि बदली झाली सुरगाण्याच्या डोंगरात. तीन वर्षांचा मुलगा आईकडे नाशिकरोडला ठेवून गेले. चार वर्षं. महिन्या-दोन महिन्यांनी यायचे तेव्हा तो आजीच्या पदराआड जायचा आणि विचारायचा, ही बाई परत कधी जाणार? तुमची मात्र बढती झाली, जिल्ह्याच्या कचेरीत पंख्याखाली खुर्ची मिळाली. मुलीचं लग्नही त्याच पाहुण्यांकडे जमलं म्हणे. जमो बापडं, तिचा काय दोष.

पुढे एकदाच भेटलात, कॅम्पच्या बाजारात, हातात भाजीची पिशवी. मी मनात हजार वेळा घोकलेलं सगळं त्या क्षणी विसरले. तुम्ही ओळखीचं हसलात. "काय सिस्टर, बऱ्या आहात ना? घड्याळ चालतंय का?" आणि मी, सुरगाण्याच्या पावसात चार वर्षं काढलेली मी, मान खाली घालून म्हणाले, "चालतंय साहेब." घरी येऊन स्वतःच्याच तोंडात मारून घ्यावीशी वाटली. मी इन्चार्ज झाल्यावर माझ्या हाताखालच्या एकाही पोरीला तोंडी निरोप धाडू दिला नाही. डॉक्टर कितीही देवमाणूस असो, आधी लिही, मग धाड. पोरी मला खडूस म्हणायच्या. म्हणू देत. तुमच्याकडून मी एवढंच एक शिकले असं मी सगळ्यांना सांगत आले.

पण आज हे लिहिताना घड्याळ त्याच्या डबीतून काढून पुढ्यात ठेवलं आहे. बंद पडून किती वर्षं झाली कोण जाणे. हे पत्र कुठे जायचं नाही, याच डबीत घड्याळाखाली ठेवणार आहे, तेव्हा जे अधिकाऱ्यांना, मावशीला, मुलाला कोणालाच सांगितलं नाही ते लिहून टाकते. मी मावशीला पहिल्यांदा धाडलं तेव्हा दोन वाजून चाळीस मिनिटं झाली होती. रक्त दोन दहापासून जात होतं. तो अर्धा तास मी एकटीच झटत होते, कारण मला वाटलं होतं की थांबेल, आणि पाहुणे गेल्यावर मी तुम्हाला सांगेन, साहेब, तुम्हाला हाकसुद्धा मारावी लागली नाही. वही लिहीत असते तर ती वेळ मला माझ्याच हाताने लिहावी लागली असती. पान कोरं होतं ते तुमच्या उपयोगी पडलं, साहेब, आणि थोडंसं माझ्याही.